सतरावी बॅच

तपासनीसाला लॅबमध्ये सगळे 'नन्नासाहेब' म्हणत, अर्थात पाठीमागे. रुजू होऊन त्याला जेमतेम सात आठवडे झाले होते आणि तेवढ्यात त्याने नऊ गोष्टींना नकार दिला होता. त्यात दोन बफर द्रावणं होती, एक तराजू होता, लेबलांचा एक गठ्ठा होता आणि संचालिकाबाईंनी स्वतःच्या हाताने भरलेला एक फॉर्मही होता, कारण त्यावर तारीख नव्हती. बाईंनी मुकाट्याने तारीख घातली. तेव्हापासून तो दारातून आत आला की जो तो आधी आपल्या समोरचे कागद चाचपून बघू लागला.

ही लॅब प्रथिनं बनवायची. खाण्याची नव्हेत, संशोधकांना लागणारी. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात: सूज आणा, ताप चढवा, इकडे कुमक पाठवा. असा निरोप नेणाऱ्या इवल्या प्रथिनाला सायटोकाइन म्हणतात, आणि पेशीच्या अंगावर बसून तो झेलणाऱ्या प्रथिनाला रिसेप्टर. हजार निरोप्ये अंगावरून गेले तरी रिसेप्टर ढुंकून बघत नाही. आपला आला की मात्र असा धरतो की सोडता सोडत नाही. एवढी पक्की ओळख आपल्याला आपल्या नातेवाइकांचीही नसते. लॅबची करामत अशी, की माणसातलं त्या रिसेप्टरचं जनुक घ्यायचं, पेशीत रुतून बसणारा भाग त्यातून छाटायचा आणि उरलेलं फ्लास्कमध्ये वाढणाऱ्या पेशींत घालायचं. त्या पेशी मग रिसेप्टर बनवतात आणि भोवतालच्या रसात सोडून देतात. रसातून तो वेचून काढायचा, गोठवून वाळवायचा आणि कुपीत बंद करायचा. एका कुपीत पन्नास मायक्रोग्रॅम. डोळ्यांना कुपी रिकामीच दिसते. नवी गिऱ्हाइकं हमखास फोन करतात, की अहो, तुम्ही आम्हाला रिकाम्या बाटल्या पाठवल्यात.

वेचून काढण्याचं काम ताईंचं. गेली वीस वर्षं त्या चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून उभ्या होत्या आणि महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. या रिसेप्टरची पहिली बॅच फसली होती, पण त्यानंतरच्या पंधरा बॅचपैकी एकही नाही. 'पहिली गेली ती गेली, पुढे बाईने एक थेंब वाया घालवला नाही,' हे वाक्य चहाच्या वेळी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं जाई. तपासनीसालाही पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. त्याने विचारलं होतं, "पहिली का गेली?" आणि ऐकवणाऱ्याचा चहा निवला होता.

संध्याकाळी साडेपाचला ताईंची धाकटी बहीण स्कूटर घेऊन गेटवर यायची. रोपवाटिका चालवायची ती, नखांत कायम माती. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी, पण गेटच्या आत कधी पाऊल टाकायची नाही. पाऊस असला तरी बाहेरच उभी. तपासनीसाने एकदा आत बसायला सांगितलं तर म्हणाली, "नको बाबा. माझा हात लागला की तुमची प्रथिनं मरतात." त्याला तो विनोद वाटला.

सतराव्या बॅचची चाचणी त्याने सोमवारी लावली. पद्धत सोपी. कुपीतला रिसेप्टर पाण्यात विरघळवायचा आणि अकरा ट्यूबमध्ये पातळ करत न्यायचा, प्रत्येक ट्यूबमध्ये आधीच्या निम्मा. मग सायटोकाइनचा थर दिलेल्या प्लेटवर एकेका खळग्यात ओतायचा. रिसेप्टरने आपला निरोप्या धरला की तिथे निळा रंग उमटतो. पहिल्या खळग्यात गडद, मग फिका, मग आणखी फिका, अकराव्यात नुसती झाक. इथे पहिले पाच ठीक आले आणि सहाव्यापासून एकदम पांढरंफटक. त्याने लेखी पद्धतीची बेचाळीस पानं पुन्हा वाचली, सगळं पानाबरहुकूम केल्याची खात्री केली आणि चारशे बारा कुप्यांवर लाल लेबल लावलं.

नियम असा होता, की नापास मालाची फेरचाचणी नाही. नापास होण्याचं कारण सापडलं तरच फेरचाचणी, आणि शुक्रवारी चारपर्यंत कारण सापडलं नाही तर माल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर शिजवून नष्ट.

संचालिकाबाई स्वतः त्याच्या खोलीत आल्या. "एकदा पुन्हा करून बघायला काय जातंय? सांध्यांच्या सुजेवर काम करणारी मंडळी या मालासाठी खोळंबली आहेत. त्यांच्या पेशी तयार आहेत."

"पुन्हा केली आणि पास झाली, तर दोनांतली खरी कोणती?" तो म्हणाला. "मग तिसऱ्यांदा करायची का? पास होईपर्यंत करत राहिलं तर काहीही पास होतं, मॅडम."

दारात ताई उभ्या होत्या. त्या रदबदली करतील अशी त्याने मनाची तयारी केली.

"बरोबर बोलतायत ते," ताई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "सहाव्यापासून पांढरं?"

"सहाव्यापासून."

"आणि पहिले पाच चांगले?"

"चांगले. पण पाचांवर पास होत नाही."

"नाहीच होत. कारण नाही सापडलं तर शुक्रवारी ऑटोक्लेव्हचं बटण मीच दाबेन." एवढं बोलून त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आणखी काहीतरी ओठांवर आलं असावं. मग कोल्ड रूमकडे निघून गेल्या.

आता तपासनीस एवढा ताठ का, तेही सांगायला हवं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आधीच्या नोकरीत वरिष्ठांनी गळ घातली म्हणून त्याने एक प्रथिन तीनदा तपासलं होतं, आणि तिसऱ्यांदा ते पास झालं. एका संशोधक मुलीने त्यावर अकरा महिने काम केलं आणि सगळं पाण्यात गेलं. तिने फोन केला तेव्हा ती ओरडली नाही की रडली नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या कागदावरची चाचणी कितवी होती?" त्याने पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला. ताठपणा म्हणजे त्या प्रश्नाला रोज दिलेलं उत्तर होतं, आणि हे बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

बायको शाळेत गणित शिकवायची. मंगळवारी जेवताना त्याचं अर्धं ताट तसंच राहिलेलं बघून ती म्हणाली, "मागे हो म्हणालास म्हणून तुझी झोप उडाली, आता नाही म्हणालास म्हणून उडालीय. तुला झोप नेमकी कशाने येते ते एकदा सांग."

"कारण सापडल्याने."

"मग शोध की. इथे भातात नाहीये ते."

बुधवारचा अख्खा दिवस त्याने कारण शोधण्यात घालवला. प्लेट बघितली, पाणी बघितलं, पिपेट तोलून बघितले, फ्रीजचं तापमान बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण हे त्याला तेव्हा कुठे कळायला. संध्याकाळी ताई दारात आल्या. "साहेब, उद्या सकाळी दुसऱ्या एका प्रथिनाचं काम काढतेय. बघायला या. स्वेटर आणा."

तो गेला, मनात संशय घेऊनच. बनवणाऱ्या हातांत चूक असेल तर ती बघायलाच हवी. पण अर्ध्या तासात तो चूक शोधायचं विसरला.

काचेच्या नळीत बारीक पांढरे मणी भरलेले होते. वरून पेशींचा रस थेंबथेंब झिरपत होता. हवं ते प्रथिन मण्यांना धरून राहायचं, नको ते वाहून जायचं. हे सगळं यंत्राच्या पडद्यावर रेषेने दिसतं, पण ताई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी धुण्याचं द्रावण बदललं, नळीला कान लावल्यासारख्या वाकल्या आणि खाली रिकामी ट्यूब धरली. पुढच्याच क्षणी पडद्यावरची रेषा वर चढली. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा त्याने विचारलं, "कसं कळतं?"

"थेंब जड पडतो."

त्याने ट्यूब उंच धरून थेंब बघितले. त्याला सगळे सारखेच दिसले. ताई ट्यूब कधीच हलवत नव्हत्या, नुसती तळहातावर कलती करत. फेस आला की प्रथिन गेलं, म्हणाल्या. पिपेटचं टोक ट्यूबच्या कडेला टेकवून द्रव घसरू देत. गारठ्याने बोटं निळी पडली होती, पण थरथरीचं नाव नाही. त्याला त्यांचा हेवा वाटला, आणि मग आपल्या नऊ नकारांची थोडी लाज. या बाईच्या मालाला आपण लाल लेबल लावलं आहे, हे त्याला त्या खोलीत उभं राहून फार जड गेलं.

काम संपत आलं तेव्हा ताईंनी झटपट चाचणीसाठी नव्या ट्यूबची रांग मांडली. एका बाटलीतलं काहीतरी प्रत्येकीत ओतलं, मनगटाने गोल फिरवलं, थोडा वेळ ठेवलं आणि सगळं ओतून देऊन ट्यूब टिश्यूवर उपड्या घातल्या.

"हे काय केलंत?" त्याने विचारलं.

"अल्ब्युमिन. साधं, स्वस्त प्रथिन." ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "कोऱ्या मडक्यात वाटीभर पाणी ओतलं तर मडकंच पिऊन टाकतं. घागरभर ओतलं तर पत्ताही लागत नाही. या ट्यूबच्या प्लॅस्टिकचं तसंच आहे. प्रथिन भिंतींना चिकटतं. माल दाट असला तर फरक पडत नाही, पातळ असला तर भिंतीच सगळा गिळतात. म्हणून आधी भिंतींचं पोट भरायचं."

तपासनीसाने बोटांवर खळगे मोजले. दाट होतं तिथे पहिले पाच खळगे निळे. पातळ झालं तिथे सहाव्यापासून पांढरं.

"हे कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच नाही."

"म्हणजे माझ्या आधीचे..."

"त्यांना मी शिकवलं होतं. ते करायचे. कधी विचारलं नाही त्यांनी, आणि मी लिहिलं नाही."

"तुम्हाला सोमवारीच कळलं होतं."

"सहाव्यापासून म्हणालात तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीत?" त्याचा आवाज चढला. कोल्ड रूममध्ये तोंडातून वाफ निघाली.

"मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बनवणारी बाई आपल्याच मालाची वकिली करतेय. बरोबरच म्हणाला असता." ताईंनी एक ट्यूब सरळ केली, पुन्हा उपडी घातली. "आज दाखवून तुमच्या ध्यानात आलं नसतं, तर उद्या सकाळी सगळं सांगणार होते."

त्याने सतराव्या बॅचला हात लावला नाही. ताईंचा शब्द हे कारण नव्हतं, कारण म्हणजे पुरावा. प्रत्येक बॅचच्या काही कुप्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये राखून ठेवत. त्याने सोळाव्या बॅचची एक कुपी काढली. ही बॅच पास झालेली, जगभर गेलेली, कुणाची तक्रार नसलेली. ती त्याने दोनदा पातळ केली, एकदा कोऱ्या ट्यूबमध्ये आणि एकदा अल्ब्युमिन फिरवलेल्या ट्यूबमध्ये. दुपारी प्लेटवर रंग चढू लागला. एक ओळ अकराव्या खळग्यापर्यंत निळी गेली. दुसरी सहाव्याला मेली. माल तोच होता, प्लेट तीच होती, हातही तेच. फक्त ट्यूबच्या भिंती उपाशी होत्या.

हे नियम वाकवणं नव्हतं. त्याला आतून मोकळं वाटलं. पण कारणाच्या रकान्यात आता स्वतःचं नाव लिहायचं होतं, नोकरीच्या आठव्या आठवड्यात. त्याने लिहिलं: 'तपासनीसाने कोऱ्या ट्यूब वापरल्या.' तो कागद घेऊन ताईंकडे गेला.

ताईंनी वाचला आणि परत दिला. "पुढे लिहा, 'कारण ती पायरी लेखी नव्हती, आणि ती न लिहिण्याची चूक बनवणारीची.' आणि साहेब, उद्या सतरावी तपासाल तेव्हा आणखी एक कुपी तपासा." त्यांनी स्वेटरच्या खिशातून फ्रीजरमधल्या जागेची चिठ्ठी काढली. "पहिल्या बॅचची. एकच उरली आहे."

"ती नापास झालेली?"

ताई स्टुलावर बसल्या. वीस वर्षांत त्यांना कोल्ड रूमबाहेर बसलेलं कुणी फारसं पाहिलं नसेल.

"तिची जुनी नोंद काढून बघा. तिथेही सहाव्यापासून पांढरं आहे. दोनशे कुप्या मी माझ्या हाताने ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. कारण काय लिहिलंय ठाऊक आहे? 'पेशींची निगा नीट राखली गेली नाही.' पेशी वाढवायला तेव्हा माझी धाकटी बहीण होती. मीच तिला इथे लावली होती. मला ताई म्हणणारी ती एकटीच, तिचं ऐकून सगळे म्हणायला लागले. तिला काढलं." त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली. "सहा महिन्यांनी ट्यूबच्या भिंतींचं माझ्या लक्षात आलं. योगायोगानेच. तोवर तिने रोपांचं काम सुरू केलं होतं, आणि मला नुकतंच मुख्य केलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. पायरी लिहायला घ्यायचे तेव्हा वाटायचं, कुणीतरी विचारेल, हे तुला कधी कळलं आणि पहिल्या बॅचचं काय. म्हणून लिहिलीच नाही. नुसती हाताने करत राहिले. मघाशी वकिलीचं बोलले ते खरं, पण अर्धंच."

तपासनीसाने चिठ्ठी घेतली. त्याला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण त्याला फोनवर आलेल्या प्रश्नासारखाच एक प्रश्न वीस वर्षं रोज संध्याकाळी गेटवर स्कूटर घेऊन उभा राहत होता आणि ही बाई रोज त्याच्या मागे बसून घरी जात होती. ते ओझं त्याला चांगलं ओळखू येत होतं.

शुक्रवारी सकाळी त्याने तीन ओळी लावल्या. ताईंना नियमाप्रमाणे खोलीबाहेर ठेवलं आणि त्याही निमूटपणे राहिल्या. सोळावी पुन्हा ठेवली, तुलनेसाठी. सतरावी अकराव्यापर्यंत निळी आली, एकही खळगा चुकला नाही. आणि तिच्याखाली पहिली. वीस वर्षं फ्रीजरच्या कोपऱ्यात पडून राहिलेली, नापासाचा शिक्का बसलेली, कुणी विचारपूस न केलेली. ती निळी होत गेली. पाचवा, सहावा, सातवा. अकराव्यात फिकट झाक उमटली तेव्हा तपासनीस खुर्चीवरून उठून उभा राहिला. एवढ्या वर्षांनी समोर आलेला निरोप्या त्या प्रथिनाने बघताक्षणी ओळखला होता. त्याने आयुष्यात पुष्कळ प्लेट पाहिल्या होत्या, पण प्लेटसमोर डोळ्यांत पाणी येण्याची ही पहिलीच वेळ.

दुपारी लाल लेबलं निघाली. लेखी पद्धतीत नवी पायरी बसली, आणि कुपीसोबत जाणाऱ्या पत्रकातही ट्यूबच्या भिंतींबद्दल दोन ओळी वाढल्या. वीस वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर ताईंनी जुनं कारण एका रेघेने खोडलं, शेजारी खरं कारण लिहिलं आणि सही केली. अशा दुरुस्तीला दुसरी सही लागते. ती नन्नासाहेबाने केली. संचालिकाबाईंनी दोन्ही फॉर्म वाचले, वीस वर्षांपूर्वीचा पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाल्या, "तारीख घातलीय ना दोघांनी?"

साडेपाचला स्कूटर आली. ताई गेटपर्यंत गेल्या आणि मागे वळून त्यांनी तपासनीसाला खुणेने बोलावलं. तो पोचला तेव्हा सांगून झालं होतं. बहिणीच्या हातात फॉर्मची प्रत होती आणि स्कूटर चालूच होती.

"वीस वर्षं?" बहीण म्हणाली.

"वीस," ताई म्हणाल्या.

"तुझ्याशी मी घरी बोलते." तिने ताईंकडे पाहिलंही नाही. तपासनीसाला विचारलं, "तुम्ही सगळ्याला नाही म्हणणारे ना? मग खरं सांगा. हे खरं आहे, की ही निवृत्त होताना माझी समजूत काढतेय?"

"मी स्वतः तपासलंय," तो म्हणाला. "एकदाच तपासलं. तुमच्या पेशी चांगल्या होत्या. त्यांनी बनवलेलं आजही काम करतंय."

बहीण आपल्या हातांकडे बघत राहिली, नखांतल्या मातीकडे. मग तिने किल्ली फिरवली, स्कूटर स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं.

"कुठे आहे ती कुपी? मला बघायचीय."

"ती तर आता वापरून झाली, ताई," तपासनीस म्हणाला. तिलाही तो ताई म्हणाला हे त्याच्या लक्षात आलं नाही. "आणि आधीही रिकामीच दिसायची."

"दिसू दे रिकामी," ती म्हणाली, आणि गेटच्या आत आली.